सावरीच्या दिवसांतला राग

काटेसावर फुलली की माझं डोकं तापतं. लोकांना या दिवसांत काय काय सुचतं. मला एका माणसाचा चेहरा आठवतो आणि दात आपोआप आवळले जातात.

आमच्या मोरिवलीच्या कारखान्याच्या भिंतीला लागून एक सावर आहे. पानं सगळी झडून गेलेली, अंगभर काटे आणि वर ही लालभडक, जाड पाकळ्यांची फुलं. सकाळी पाळीला जाताना ती डांबरावर पडलेली असतात आणि टेम्पो त्यांच्यावरून जातात. हवेत कुठल्यातरी रसायनाचा आंबूस वास असतो, तो आम्हाला आता जाणवतही नाही. मी पॅकिंगला आहे. दिवसभर खोके चिकटवते. बाकी वर्षभर हात चालतात तसं डोकंही शांत चालतं. पण सावरीच्या दिवसांत मी चिकटपट्टी इतक्या जोरात ओढते की शेजारची रेश्मा म्हणते, ''मंदाताई, खोका आहे तो, कुणाचा गळा नाही.''

रेश्माला काय माहीत.

मी राहते अंबरनाथ पश्चिमेला, पण माझं माहेर बदलापूरच्या पुढे, चंदेरीच्या डोंगररांगेला टेकलेल्या एका वाडीत. पावसाळ्यात भात, थंडीत वाल, मग रानातली कामं, एवढंच तिथलं जगणं. माझी थोरली बहीण शेवंताताई लग्न होऊन त्याच वाडीतल्या वरच्या आळीत गेली, म्हणून ती डोंगर सोडून कधी लांब राहिलीच नाही. ताई म्हणजे आमच्या वाडीतला सर्वांत मोठा आवाज. ती अंगणातून हाक मारते तेव्हा पायथ्याची गुरं माना वर करतात.

आमच्या घरात एक जुनी रीत होती. वाल काढून झाले की होळीच्या आसपास एक दिवस सगळ्यांनी वर जायचं, वानरं बघायला. आई म्हणायची, ''वांदरांना भेटून येऊ.'' भाकरी, कांदा, सुकटाची चटणी फडक्यात बांधायची आणि उजाडता निघायचं. रानात तेव्हा पायाखाली ऐनाची वाळलेली पानं पापडासारखी मोडतात. कारवीच्या काटक्या ओढणीला धरून ठेवतात. मोहाचा वास येतो, दगड तापायला लागले की दगडांचाही वास येतो. चढ संपला की एक कातळ आहे, त्याला आम्ही वांदरकडा म्हणतो. समोर दरी आणि दरीच्या पलीकडच्या उतारावर सावरीच सावरी.

त्या कातळावर पोचलं की ताईचा आवाज बंद. जन्मभर बोलणारी ही बाई तिथे पुतळ्यासारखी बसायची. मग पलीकडची एक फांदी हलायची, दुसरी हलायची आणि काळ्या तोंडाची, राखाडी अंगाची, लांब शेपट्यांची ती मंडळी दिसायला लागायची. फूल तोडायचं, दोन्ही हातांत धरून निवांत खायचं, अर्धं खाली टाकायचं. माद्यांच्या पोटाला काळीभोर पिल्लं चिकटलेली. मला सर्वांत गंमत वाटायची ती पिल्लांच्या देवाणघेवाणीची. एकीचं पिल्लू दुसरी ओढून घ्यायची, दुसरीकडून तिसरी, आणि आई मात्र तेवढ्यात फुलं खाऊन घ्यायची. आमची आई ते बघून तोंडाला पदर लावून हसायची. ''बघ गो, बाळंतिणीला कशी सुट्टी देतात.''

आई गेली तरी रीत राहिली. भाऊ शहराकडे पांगले, मुलं मोबाइलमध्ये गेली, पण मी आणि ताई दर वर्षी जात राहिलो.

मग पायथ्याला एका साहेबांचं फार्महाउस झालं. साहेब डोंबिवलीकडचे, आमच्यासारखेच मराठी, गोड बोलणारे. त्यांनी हापूसची कलमं लावली, मागे पोहायचा हौद बांधला, फाटकाजवळ मारुतीची छोटी घुमटी बांधली. वाडीतल्या बायकांना पाणी घालायला, भांडी घासायला, पाहुण्यांची जेवणं रांधायला काम मिळालं. सगळे खूश होते. ताईसुद्धा तिथे जायची. साहेब तिला म्हणायचे, ''शेवंताताई, तुमच्या हातची तांदळाची भाकरी खायला पाहुणे येतात.'' ताईला त्याचा अभिमान होता. ते आठवलं की मला जास्त चीड येते.

त्या वर्षी होळीनंतर आम्ही वरून उतरत होतो. ऊन कलायला लागलं होतं. फार्महाउसच्या मागच्या अंगाला, जिथे रान आणि कलमं एकमेकांना भिडतात, तिथून किंचाळणं ऐकू आलं. माणसाचं नाही. आधी आम्हाला वाटलं, बिबट्याने काही धरलं. धावत गेलो तर कुंपणाच्या खालच्या तारेला एक वानरीण हात लावून बसलेली दिसली. बसलेलीच वाटली. डोळे उघडे होते. तिच्या पोटाला पिल्लू होतं आणि ते किंचाळत होतं, आणि वर आंब्याच्या फांदीवर सगळा कळप वेड्यासारखा उड्या मारत होता.

''तिचा हात अडकलाय गो,'' ताई म्हणाली.

मी थांब म्हणायच्या आत ती खाली वाकली आणि उजव्या हाताने पिल्लू धरलं. तिचा हात वानरिणीच्या छातीला लागला. तेवढंच. ताईचं सगळं अंग ताठ झालं. तोंड उघडं, पण आवाज नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीच्या तोंडातून आवाज निघाला नाही. मी बाजूला पडलेला वाळका बांबू उचलून तिच्या हातावर मारला, पुन्हा मारला, तेव्हा ती मागे फेकली गेली. पिल्लूही सुटून पाचोळ्यात पडलं. वरून एक मादी सरळ खाली आली, आमच्यात आणि कुंपणात हातभर अंतर असताना, आणि त्याला पोटाशी घेऊन वर गेली.

त्या तारेत घरचा करंट सोडला होता. रानडुकरं आणि वानरं कलमांत येऊ नयेत म्हणून. तिथून जळलेल्या मांसाचा वास येत होता आणि तो वानरिणीचा की ताईच्या हाताचा, ते मला सांगता आलं नसतं.

दवाखान्यात ताईची दोन बोटं काढावी लागली. उरलेली आत वळली ती वळलीच. मूठ अर्धी मिटलेली राहिली, काहीतरी धरून ठेवल्यासारखी. भाकरी थापायचा हात तो.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, ''पिलू?''

''गेलं वर. दुसरीने नेलं.''

''आणि ती?''

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला पोलिसांची माणसं गेली, तोपर्यंत तार नव्हती. वानरीणही नव्हती. खांबांना नवी, साधी जाळी लावलेली होती. आणि साहेबांनी हात जोडून सगळ्यांना सांगितलं होतं की, बाई कैऱ्या चोरायला आली, कुंपणावरून पडली, बागेत पालापाचोळा पेटवला होता त्यात हात भाजला. वाईट वाटतं, पण काय करणार, गरीब माणसं आहेत.

हात गेल्याचं दुःख ताईने चार महिने सोसलं. पण ''कैऱ्या चोरायला आली'' हे वाक्य तिला एक दिवसही पचलं नाही. आणि वाडीतल्या काहींनी ते मानलं. साहेबांचं काम हवं होतं, म्हणून मानणं सोपं पडलं. हौसाकाकू, आमच्या आईची मैत्रीण, तीसुद्धा म्हणाली, ''पण शेवंती गेलीच कशाला तिकडं?'' ताई ऐकत होती. तिच्या न बोलण्याची मला भीती वाटायला लागली.

मी मात्र मनातल्या मनात रोज त्या माणसाला मारत होते. खोके चिकटवताना माझ्या डोक्यात बेत चालायचे. कलमांच्या बुंध्यात काहीतरी ओतायचं. हौदात घाण टाकायची. त्याच्या गाडीवर दगड घालायचा. मी साधी बाई आहे, मुंगी चिरडली तरी हळहळणारी. पण त्या वर्षी मला कळलं की राग हीसुद्धा सोबत असते. तो सकाळी आपल्याआधी उठतो, डबा भरताना शेजारी उभा राहतो.

पावसाळ्यात मी ताईला उल्हासनगरला कॅम्प चारला नेलं. तिथे जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत रेखाभाभीची शिलाईची खोली आहे. भाभी सिंधी, माझी जुनी ओळखीची, हात हलका आणि जीभ लांब. मी तिला सांगितलं की ताईसाठी हातमोजा शिवून दे, आत कापूस भरून बोटांसारखा आकार कर. भाभीने मऊ जुनी जीन्स निवडली, ताईचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि माप घेताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मोजा झाला. खरंच सुंदर झाला होता.

''देखो दीदी,'' भाभी म्हणाली, ''अब किसी को पता भी नहीं चलेगा.''

ताईने मोजा घातला, हात फिरवून बघितला, काढला आणि शिलाई मशीनवर ठेवला.

''भाभी, लय चांगला केलास. पण झाकू कशाला? मी काय चोरलाय हा हात?''

भाभी माझ्याकडे बघत राहिली. गल्लीत पाऊस कोसळत होता, निळ्या रंगाचं पाणी गटारातून वाहत होतं. परतीच्या रिक्षेत मी ताईला माझे सगळे बेत सांगितले, गाडीवरच्या दगडापासून. तिने शांतपणे ऐकलं.

''मंदे, त्याच्या झाडाचं मला काय नको. गाडीचंपण नको. त्यानं मला चोर म्हटलं ना, ते त्याच्याच तोंडातून मागं घेतलेलं पायजे. चार लोकांत.''

त्या दिवसापासून माझा राग थोडा नीट चालायला लागला.

साहेब दर वर्षी हनुमान जयंतीला त्या घुमटीपाशी भंडारा घालायचे. मांडव, लाउडस्पीकर, बाहेरचे मोठे पाहुणे आणि वाडीची पंगत. वानरिणीला करंट लावून मारणारा माणूस मारुतीला शेंदूर लावणार, हे आम्हा दोघींना आधीपासून माहीत होतं. आम्ही त्याच दिवसाची वाट बघितली. पुन्हा सावर फुलली, गळली, झाडावर बोंडं धरली. त्या होळीला आम्ही वर गेलो तेव्हा कळप दिसला. वर्षाची पिल्लं आता राखाडी झाली होती, एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. त्यातलं आमचं कुठलं, की ते जगलंच नाही, हे आम्हाला कळलं नाही. ताई प्रत्येकाकडे बघत बसली. उतरताना म्हणाली, ''समजा सगळीच तिची.''

जयंतीच्या दिवशी ताईने हिरवी साडी नेसली. मी रजा टाकून गेले. आम्ही बायकांच्या रांगेत बसलो. साहेब स्वतः पांढरा कुर्ता घालून, वाकून वाकून प्रत्येकाच्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवत येत होते. ''घ्या मावशी. घ्या ताई.'' आमच्यासमोर आले. ताईने डावा हात पुढे केला. मान खाली होती, पदर डोक्यावर होता.

''डावा नको मावशी, देवाचा प्रसाद आहे. उजवा करा.''

ताईने उजवा हात पुढे केला.

शिऱ्याचा डाव तसाच हवेत राहिला. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. वर्षभर मी तेवढ्यासाठीच जगले होते असं म्हटलं तरी चालेल. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं आणि रंग उतरत उतरत गळ्यापर्यंत गेला.

माझ्या ताईला माईक लागत नाही.

''घाला की साहेब,'' ती म्हणाली आणि सगळा मांडव वळला. ''तुमच्याच तारेनं खाल्लेला हाय. मारुतीचं पोर सोडवायला घातलेला हा हात. कैऱ्या चोरायला नाय. वांदरीण कुठं पुरलीत, सांगा देवासमोर.''

''ताई, इथे नको. आत चला, आपण बोलू.''

''आत नाय. हितंच.''

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, हसायचा प्रयत्न केला आणि पुढच्या बाईच्या हातावर शिरा ठेवायला वाकले. ती पुढची बाई हौसाकाकू होती. काकूने हात मागे घेतला. मग समोरची पत्रावळ उचलली, पालथी घातली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्या मागोमाग दुसरी उठली. पत्रावळी पालथ्या होण्याचा आवाज फार मोठा नसतो, वाळल्या पानांचाच तो. पण बायकांची सगळी रांग उठली तेव्हा पाहुण्यांतले मोठे लोकही ताट सोडून गाड्यांकडे चालायला लागले. लाउडस्पीकरवर भजन चालूच होतं.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. घरी येऊन मी कपभर चहा घेतला आणि तो मला बासुंदीसारखा लागला.

त्यानंतर वाडीतलं कुणी साहेबांकडे कामाला गेलं नाही. बाहेरून आणलेली माणसं त्या आडबाजूला टिकली नाहीत. कलमांना पाणी नाही, राखायला कोणी नाही. आणि आंबे पिकायला लागले तसा वरून कळप उतरला. मी त्या रविवारी माहेरी होते. ताई आणि मी बांधावर जांभळीच्या सावलीत बसून बघत होतो. वानरं आंबा तोडायची, एकदा चावायची, टाकायची, दुसरा तोडायची. एक थोराड नर हौदाच्या काठावर बसून रस पुसत होता. साहेब गच्चीवरून फटाके लावत होते. फटाका वाजला की कळप एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायचा, बस. ताईने डाव्या हाताने माझ्या मांडीवर थाप मारली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

वैशाख संपता संपता एका सकाळी, मी ताईकडे मुक्कामाला असताना, साहेब तिच्या दारात आले. दाढी वाढलेली. ताई ओट्यावर तांदूळ पाखडत होती, एका हाताने आणि एका मनगटाने. शेजारच्या बायका जमल्या.

''ताई, माझं चुकलं,'' साहेब म्हणाले. ''बायकांना सांगा कामाला यायला.''

''काय चुकलं ते बोला.''

''तार माझी होती. करंट मी सोडला होता. तुम्ही चोरी करायला आला नव्हता.''

''मोठ्यानं.''

ते पुन्हा बोलले, मोठ्याने. वानरीण हौदाच्या मागे पुरली, तेही बोलले. हौसाकाकूने पदराने नाक पुसलं. या बोलण्यावरच पुढे केस उभी राहिली. अजून चालू आहे, तारखा पडतात, आणि प्रत्येक तारखेला मी कारखान्यात रजेचा अर्ज देऊन जाते. समोरच्या बाकावर बसून त्या माणसाकडे बघायचं, एवढंच माझं तिथलं काम.

पण त्या सकाळी ताईने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, ''आता वर चला.''

''कुठे वर?''

''वांदरं बघायला.''

साहेबांना वाटलं असेल, बाई नरमली, एवढं केलं की मिटेल. ते निघाले. पायात पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली. ऊन चढत होतं. रान पार वाळलेलं, गवताची टोकं कपड्यांत घुसत होती. ताई पुढे, साहेब मध्ये, मी मागे. अर्ध्या वाटेत त्यांचं पाणी संपलं. आमच्याकडे होतं. त्यांनी मागितलं नाही, आम्ही दिलं नाही. चढावर ते दोनदा घसरले. त्यांच्या कुर्त्याच्या पाठीवर घामाचा नकाशा झाला होता आणि तो बघत चढताना मला माझे पाय दुखत असल्याचं जाणवलंच नाही.

वांदरकड्यावर पोचलो तेव्हा कळप पलीकडच्या उंबरावर होता. ताई नेहमीसारखी गप्प बसली. साहेब धापा टाकत उभेच राहिले. एका मादीने आमच्याकडे बघितलं. मग नर खाकरल्यासारखा भुंकला, एकदा, पुन्हा, आणि क्षणात माद्यांनी पिल्लं पोटाशी ओढली. सगळा कळप फांद्यांवरून कडा चढून पलीकडे दिसेनासा झाला. उंबराची फांदी तेवढी हलत राहिली.

''बघितलंत?'' ताई म्हणाली. ''आमच्यापुढं पोरं खेळवतात त्या.''

साहेब कातळावर बसले. चेहरा हातांत धरला. पांढऱ्या कुर्त्यातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला बघून ती वानरं अशीच पळाली असती. मला ते माहीत होतं, ताईलाही माहीत होतं. आम्ही ते त्यांना सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. ''ताई, आता झालं ना? आता माफ केलंत ना मला?''

ताईने वाकड्या हाताने पदर खोचला.

''नाय,'' ती म्हणाली. ''फक्त दाखवायला आणलं.''

आणि ती उतरायला लागली, मागच्या ओढ्याच्या वाटेने, जी वाट आम्हा दोघींनाच ठाऊक आहे. मीही निघाले. वरून साहेबांचा आवाज आला, ''ताई, थांबा! वाट कुठली?'' दगड सुटून घरंगळल्याचा आवाज आला. पुन्हा हाक आली, जरा घाबरलेली. जुनी पायवाट त्यांच्या समोरच होती, शोधली असती तर सापडली असती, आणि शेवटी सापडलीही.

आम्ही थांबलो नाही.